कोंबड्यांची खतावणी

‘‘गाव कुठले?’’ म्हणून कुणी विचारले आणि मी ‘‘हिंडलगा’’ असे सांगितले, की समोरच्या चेहऱ्यावर हसू उमटते. ‘‘आत की बाहेर?’’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. मध्यवर्ती कारागृहामुळे आमच्या गावाचे नाव सर्वतोमुखी झाले, त्याला आम्ही गावकरी काय करणार? मी आपली बाहेरच राहते, वेंगुर्ले रस्त्यावरून थोडे आत, परसात एक शेवगा, एक उकिरडा आणि एक खुराडे असलेल्या घरात. आत डांबलेली मंडळी आमच्याकडेही आहेत. पण त्यांना रोज सकाळी सोडतात आणि दिवेलागणीला ती आपण होऊन परत येतात. वाचकहो, आज मी या मंडळींविषयी लिहिणार आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने कोंबड्यांवर लिहावे हे कुणाला विचित्र वाटेल; परंतु तीन वर्षांत हिशेबाविषयी जे कळले, त्यातले बरेचसे मला या परसात कळले आहे.

माझे वडील गवंडी आहेत. आमच्या भागातला पाऊस आपणा सर्वांना माहीत आहे. जून लागला की बांधकामे थांबतात आणि गणपती येईपर्यंत घरात पैसा येतो तो ठिबकत. नेमक्या त्याच दिवसांत कॉलेजची फी भरायची असते. पहिल्या वर्षाची फी आईने कानातले गहाण ठेवून भरली. त्या रात्री मला झोप आली नाही. पहाटे कोंबडा आरवला आणि डोक्यात विचार आला, की आज्जीच्या दोन कोंबड्यांच्या जागी आठ झाल्या तर?

२०२३ च्या दिवाळीनंतर मी धंदा सुरू केला. शिष्यवृत्तीचे आलेले पैसे आणि भाऊबीजेची ओवाळणी मिळून सहा तलंगा साडेतीनशे रुपयांप्रमाणे आणि एक तुरेबाज कोंबडा पाचशेला घेतला. सगळे पक्षी जवारी. बेळगावच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर ‘जवारी’ म्हणजे गावठी, देशी. हा शब्द आम्ही मराठीतही वापरतो आणि आमचे कन्नड शेजारीही वापरतात. तो मूळचा कुणाचा यावरून मात्र अजून कुणी भांडलेले नाही. गिरिराज जातीची पिले घे, असा सल्ला पुष्कळांनी दिला. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली ही जात जवारीच्या दुपटीहून अधिक अंडी देते, हे खरे. पण ती अंगाने जड, घारीची सावली पडली की जवारी कोंबडीसारखी झटकन कुंपणात शिरत नाही. शिवाय रवणाला क्वचितच बसते. म्हणजे पिलांसाठी पुन्हा पैसे मोजा. जवारी कोंबडी एका खेपेला दहा-पंधरा अंडी देते, मग खुडूक होते आणि एकवीस दिवस बसून स्वतःचे भांडवल स्वतः वाढवते. असा कारखाना टाटा-बिर्लांकडेही नसेल!

खायला घालण्याचे शास्त्र आज्जीचे. सकाळी मूठभर तांदळाची कणी, संध्याकाळी भरडलेला मका. मधल्या वेळी परसातला पाला, किडे, उकिरड्यातले दाणे. एका फुटक्या मडक्यात ती ओले शेण आणि काडीकचरा भरते आणि ते वाळवीच्या वारुळाजवळ पालथे घालते. दुसऱ्या दिवशी मडके उलटे केले की आत वाळवीच वाळवी. पिले त्यावर तुटून पडतात. पिलांना वाढीसाठी प्रथिने लागतात हे पुस्तकात आहे. आज्जीने पुस्तक पाहिलेले नाही, पण मडके तिला माहीत आहे. अंड्याचे कवच पातळ येऊ लागले की ती जुनी कवचे भाजून, कुटून कणीत मिसळते. भाजायची अशासाठी, की कच्ची टाकली तर कोंबडीला अंडे फोडून खाण्याची चटक लागते. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली की सातव्या रात्री ती एकेक अंडे दिव्यासमोर धरी. आता मोबाइलचा दिवा चालतो. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडे परत खाली, नाही तर बाजूला.

कोळ्यावरून आठवले. मी मराठी माध्यमात शिकले. कन्नड हा विषय होता, पण बोलायची वेळ क्वचित यायची. पहिल्यांदा अंडी विकायला निघाले तेव्हा पलीकडच्या गल्लीतील एका अक्कांनी दारातूनच विचारले, ‘‘कोळी तत्ती ऐति?’’ कन्नडमध्ये ‘कोळी’ म्हणजे कोंबडी आणि ‘तत्ती’ म्हणजे अंडे, हे शाळेत मला कुणी सांगितले नव्हते; पुस्तकात ‘मोट्टे’ होते. कोळ्याचे या बाईंना काय करायचे आहे, या विचाराने मी गोंधळून उभी राहिले. त्यांनी माझी टोपली उघडली, अंड्यावर बोट ठेवले आणि हसत म्हणाल्या, ‘‘इदs तत्ती.’’ त्या दिवसापासून माझे कन्नड सुधारले. व्याकरणाने जे पाच वर्षांत जमले नाही, ते उधारी वसूल करताना पाच महिन्यांत जमले!

आमच्या गावात भाषा हा साधा विषय नाही. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातील हुतात्म्यांचे स्मारक हिंडलग्यातच आहे आणि दर १ जूनला तिथे माणसे जमतात. मीही आजवर अनेकदा तिथे गेले आहे आणि पुढेही जाईन. स्मारकावर फूल वाहून परतताना त्याच अक्कांच्या घरी सहा अंडी द्यायला जाण्यात मला कधी विसंगती वाटली नाही. त्यांनाही वाटली नसावी. कारण त्या दिवशीही त्यांनी पैसे देण्याआधी चहा दिला.

आता हिशेबाकडे वळते. नोव्हेंबर २०२३ ते ऑक्टोबर २०२४ या पहिल्या वर्षात एकूण ४१२ अंडी मिळाली. त्यांतली ४८ रवणाला घातली, ६० घरात खाल्ली किंवा पाहुण्यांना दिली, राहिलेली ३०४ विकली. दुकानदार नऊ रुपयांनी मागत होता. घरोघरी जाऊन मला पंधरा मिळाले. यावरून मला आपल्या अभ्यासक्रमाबाहेरची एक गोष्ट आठवते. अंड्यांचा भाव एकेकाळी व्यापारी ठरवीत आणि कोंबड्या पाळणारा तो निमूट घेई. १९८२ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली आणि उत्पादक आपला भाव आपण जाहीर करू लागले. आमच्या परसातली समिती म्हणजे मी आणि आज्जी. भाव मात्र आम्हीही आमचाच जाहीर केला.

अंड्यांचे ४,५६० रुपये आले. ४८ अंड्यांतून ३९ पिले निघाली. घार, मुंगूस, शेजारचा बोका आणि आषाढातला पाऊस यांनी आपापला वाटा उचलल्यावर २१ मोठी झाली. त्यांतले आठ कोंबडे प्रत्येकी पाचशेने गेले, त्याचे ४,०००. एकूण जमा ८,५६०. खर्चाच्या बाजूला पक्षी २,६००, दाणा रोजचा सहा रुपयांप्रमाणे २,१९०, जाळी-खिळे १,१५०, लस आणि बर्फ १६०, एकूण ६,१००. वाहतूक खर्च शून्य, कारण ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत आम्हा मुलींना सरकारी बसचे शून्य रुपयांचे तिकीट मिळते. भाताच्या तुसात अंडी रोवलेला डबा मांडीवर घेऊन मी कॉलेजला येत असे. एकदा खिडकीची जागा मिळाली म्हणून डबा खाली ठेवला आणि नऊ अंडी फुटली; तो दोष सर्वस्वी माझा.

शिल्लक २,४६० रुपये. मी मोठ्या अभिमानाने वही एका सरांना दाखवली. खरे तर पक्षी आणि जाळी हा भांडवली खर्च, तो एकाच वर्षावर टाकलास कसा, असे सर म्हणतील असे वाटले होते. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारले, ‘‘आणि मजुरी कुठे आहे?’’ रात्री घरी येऊन मी आज्जीचे तास मोजले. रोज दोन तास धरले तरी वर्षाचे ७३० तास. तासाला अवघे चाळीस रुपये लावले तर २९,२०० रुपये. म्हणजे नफा नव्हे, २६,७४० रुपयांचा तोटा! मी हे आज्जीला वाचून दाखवले. ती खुराड्याला कडी घालत होती. म्हणाली, ‘‘माझी मजुरी? मी काय कोंबड्यांकडं कामाला हाय व्हय गं?’’

आम्ही सगळे हसलो. पण मी हसता हसता गप्प झाले. आईने कानातले सोडवून आणले त्यात या २,४६० रुपयांचा वाटा होता. आणि ते रुपये आज्जीच्या गुडघ्यांतून आले होते. माझ्या वहीत त्या गुडघ्यांना खातेच नव्हते.

इथवरची गोष्ट ऐकायला गोड आहे. पुढची सांगताना मला अजूनही संकोच वाटतो. परंतु ती वगळली तर हा लेख म्हणजे एका बाजूची खतावणी होईल.

पिले सात दिवसांची असताना त्यांच्या नाकाडोळ्यांत लासोटा लशीचा थेंब टाकतात आणि आठव्या आठवड्यात रानीखेतचे इंजेक्शन देतात. रानीखेत म्हणजे आपण ज्याला मानमोडी म्हणतो तो रोग. पहिला थेंब मी थर्मासमध्ये बर्फ घालून आणला आणि दिला. इंजेक्शनची वेळ आली ती ऐन सत्र परीक्षेत. शिवाय लस शंभर मात्रांच्या कुपीत येते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. एकवीस पिलांसाठी कुपी फोडायची आणि एकोणऐंशी मात्रा ओतून द्यायच्या, हे माझ्यातल्या वाणिज्य शाखेला पटेना. मी दरडोई खर्च काढला, तो महाग वाटला, आणि मनाशी म्हटले, की आपण तर नैसर्गिक पद्धतीने पाळतो. हळद आहे, लसूण आहे. जवारी पक्षी काटक असतो. गल्लीतल्या चार घरांत मिळून ऐंशी कोंबड्या आहेत, चौघांनी मिळून एक कुपी आणावी, हे मला तेव्हा सुचले नाही.

एप्रिल २०२५ मध्ये बाजारात तीन तलंगा स्वस्तात मिळाल्या. आज्जी म्हणाली, ‘‘नवी कोंबडी लगेच आत सोडू नको. मागं डालग्याखाली ठेव थोडं दिस. तिची हवा बघ आधी.’’ मी ‘‘बरं’’ म्हटले आणि डालगे शोधायचा कंटाळा करून त्याच संध्याकाळी तिन्ही आत सोडल्या. जुन्या बावीस आणि या तीन, असे पंचवीस पक्षी त्या रात्री एका दांडीवर बसले. पुढे पशुवैद्यांनी सांगितले, की नवे पक्षी किमान दोन-तीन आठवडे वेगळे ठेवावेत. आज्जीचे डालगे आणि डॉक्टरांचे शास्त्र एकच गोष्ट सांगत होते. मध्ये मी तेवढी शहाणी होते.

सहाव्या दिवशी एक नवी तलंग पंख टाकून बसली. सातव्या दिवशी हिरवी हगवण, चोच उघडी टाकून श्वास. आठव्या दिवशी सकाळी खुराडे उघडले तर चार मेलेल्या आणि चंद्री नावाची आमची सर्वांत चांगली कोंबडी मान पिळवटून गोल गोल फिरत होती. मानमोडी हा शब्द कुणी आणि का तयार केला, ते त्या क्षणी मला समजले.

दुपारपर्यंत बातमी पसरली आणि एक माणूस मोटारसायकलला खुराडी बांधून दारात आला. पायावर उभे असलेले चौदा पक्षी होते. म्हणाला, शंभर रुपये नग, रोख. चौदाशे रुपये! माझ्या डोळ्यांपुढे फीची पावती आली. बुडणाऱ्या मालाचे जे मिळेल ते पदरात पाडून घ्यावे, हे आपण वर्गात शिकतोच. तो या पक्ष्यांचे काय करणार, हे मला माहीत होते. दुसऱ्या एखाद्या गावच्या बाजारात ते दुपारी विकले जाणार होते, आणि तिथून आणखी कुणाच्या परसात जाणार होते. कदाचित माझ्या तीन तलंगाही अशाच कुणाच्या खुराड्यातून आल्या असतील.

मी काही बोलण्याआधी आज्जी पुढे झाली. ‘‘कोंबडी इकतो आमी,’’ ती म्हणाली, ‘‘रोग न्हाई इकत.’’ तो माणूस दीडशेपर्यंत चढला. आज्जीने दाराला कडी घातली. मी तिच्यावर मनातून चिडले होते, हे इथे कबूल करते.

संध्याकाळी वडिलांनी शेताच्या कडेला खोल खड्डा काढला. चुना टाकून पक्षी पुरले. एकूण अठरा गेले, सात राहिले. राहिलेल्यांत आज्जीच्या दोन्ही जुन्या कोंबड्या होत्या. खड्ड्याकडे पाहताना मला मार्च २०२० आठवला. तेव्हा मी शाळेत होते. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी अफवा पसरली, भाव कोसळले आणि आपल्याच जिल्ह्यात गोकाक तालुक्यात एका कुक्कुटपालकाने हजारो निरोगी पक्षी जिवंत पुरले. त्या वेळी नसलेल्या रोगाच्या बोभाट्याने माणसे बुडाली. आज असलेला रोग लपवून मी चौदाशे रुपये मिळवणार होते. दोन्ही गोष्टींत नुकसान होते ते विश्वासाचे.

आणि मग मला आठवले, की तीन दिवसांपूर्वी पलीकडच्या अक्कांनी बारा अंडी नेली होती. त्यांची मुलगी बाळंतपणाला आली होती. मी पशुवैद्यांना विचारले. ते म्हणाले, हा पक्ष्यांचा रोग. नीट शिजवलेल्या अंड्याने माणसाला काही होत नाही. म्हणजे न सांगितले तरी चालण्यासारखे होते. तरी मी गेले. जाताना पायांत गोळे आले. तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये सगळे सांगितले आणि एकशे ऐंशी रुपये पुढे केले. अक्का बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पैशांतले निम्मे परत माझ्या हातात ठेवीत म्हणाल्या, ‘‘सहा अंडी शिजवून झाली, त्याचे पैसे तुझे.’’ उरलेली सहा त्यांनी मला परत दिली नाहीत. मागच्या दारी नेऊन स्वतः पुरली, कारण त्यांच्याही दोन कोंबड्या होत्या. निघताना म्हणाल्या, ‘‘खरे हेळिदि. इन म्याल निन्न कडेन तत्ती तगोतीनि.’’ खरे सांगितलेस, आता यापुढे तुझ्याकडूनच अंडी घेईन.

खुराडे रिकामे करून चुन्याने सारवले आणि राहिलेल्या सात कोंबड्या वेगळ्या बांधल्या. तीन महिने एकही अंडे विकले नाही आणि नवा पक्षी आणला नाही. त्या जूनमध्ये आईचे कानातले पुन्हा गहाण पडले. मी ‘धडा शिकले’ असे लिहून ते सोडवून आणता येत नाही, हेही सांगितले पाहिजे.

आज आमच्याकडे सोळा पक्षी आहेत. गल्लीतल्या चार घरांनी मिळून लशीची एक कुपी आणायची असे ठरले आहे. दोन घरे मराठी, दोन कन्नड. थर्मास अक्कांचा, बर्फ आमचा. भावात पंधराचे सोळा झाले. गिऱ्हाइके विचारतात, जवारी अंड्याचा बलक एवढा पिवळाजर्द कसा? मी खरे ते सांगते: हिरवा पाला आणि मका यांमुळे. तपकिरी कवचात जास्त ताकद असते का? नाही, कवचाचा रंग जातीवर अवलंबून असतो. एवढे खरे सांगितल्यावर गिऱ्हाईक तुटेल असे वाटे. अजून तरी तुटलेले नाही.

परवा वर्गात ख्यातीवर व्याख्यान झाले. धंदा विकत घेताना दिलेली ख्याती पुस्तकात मांडतात. स्वतः कमावलेली ख्याती मात्र मांडायची नसते, कारण तिची किंमत खात्रीने मोजता येत नाही. सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतले. मीही घेतले. मला तेव्हा आज्जीने घातलेली दाराची कडी दिसत होती.

यंदाच्या खतावणीत मी एक नवे पान घातले आहे. वर लिहिले आहे, ‘आज्जी, मजुरी खाते’. त्यात रोजचे तास मांडते. पैसे देणे तूर्त जमणार नाही. पण देणे आहे, हे तरी पुस्तकात दिसावे. आज्जीला ते पान दाखवले. तिने वही उलटी धरून पाहिली, परत माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ‘‘अंधार पडला, खुराडं लावलंस काय?’’

लावले नव्हते. वही तशीच टाकून मी परसात धावले.